कर्ली खाडीतल्या होडीसाठी २४ व्होल्टची पेटी: कामाच्या नोंदी

११ जानेवारी २०२५, शनिवार. देवबाग

बाबांचा उजवा खांदा आता वर जात नाही. गेल्या पावसाळ्यानंतर दोनदा दाखवलं, दोन्ही वेळा डॉक्टरांनी एकच सांगितलं, वल्हं बंद. बाबा घरी आले आणि ओसरीवर बसून म्हणाले, "खांद्याक आता वल्ह्याचा काम जमणा नाय गो." एवढंच. त्यांनी कांडाळ, म्हणजे जाळ्याची मासेमारी, कायमची बंद करायचं ठरवलंय असं आईने मला रात्री सांगितलं. मला ते पटलेलं नाही. होडीला बॅटरीवरची मोटर लावायची, म्हणून ही वही.

होडी अठरा फुटी, लाकडी, उलांडीची (बाजूला तोल सांभाळणारं लाकूड असलेली). समुद्रात जायची नाही, कर्ली खाडीतच फिरायची. वर नेरूरपार पुलाच्या बाजूला, समोर कोर्जाईकडे, कधी खाली, खाडी समुद्राला मिळते त्या संगमापर्यंत. पेट्रोलचं इंजिन घ्यावं असं काकांचं म्हणणं. बाबांना त्याचा आवाज नको आणि मागे लटकणारं वजनही नको. गोव्यात एकाकडून जुनी विजेची मोटर मिळाली आहे, २४ व्होल्ट, ८० पौंड थ्रस्ट (ढकलण्याचा जोर), खाऱ्या पाण्याची. दांडा सरळ आहे, पंख्याला एक खाच आहे, गंज स्वतःवर घेणारा जस्ताचा तुकडा झिजून गेलेला होता तो नवा बसवला.

आज आमच्या दुकानातल्या इन्व्हर्टरच्या दोन शिशाच्या ट्युब्युलर बॅटऱ्या नेऊन बघितल्या. १५० अँपिअर-अवरच्या, म्हणजे एक अँपिअर दीडशे तास पुरेल एवढ्या साठ्याच्या. एकेक पन्नास किलोच्या वर, उचलायला आतेभाऊ आणि मी. दोन्ही मागे ठेवल्यावर होडीची कड पाण्यापासून चार बोटं राहिली. बाबा काठावरून बघत होते, त्यांनी फक्त मान हलवली. त्या परत दुकानात.

१९ जानेवारी, रविवार

लिथियम लोह-फॉस्फेटचे सेल घ्यायचे ठरले. भंगारातल्या स्कूटरच्या पॅकमधले बारीक गोल सेल स्वस्तात मिळत होते, ते नाकारले. त्यातला कोबाल्ट-निकेलचा प्रकार तापला की स्वतःच ऑक्सिजन सोडतो आणि आग आपली आपण पोसतो. फॉस्फेटमध्ये ऑक्सिजन फॉस्फरसला घट्ट बांधलेला असतो, तो सहज सुटत नाही. वजन थोडं जास्त, पण लाकडी होडीत बाबांच्या पायाशी ठेवायची वस्तू आहे.

हे रसायन वाचताना एक गोष्ट कळली आणि बरं वाटलं. बॅटरीसाठी लोह-फॉस्फेट सुचवणारा १९९७ चा जो मूळ निबंध आहे, त्यावर जॉन गुडइनफ यांच्या नावाच्या आधी दोन भारतीय नावं आहेत, पाढी आणि नंजुंडस्वामी. गुडइनफ यांना २०१९ मध्ये नोबेल मिळालं. आयटीआयमध्ये आम्हाला हे कोणी सांगितलं नव्हतं.

हिशेब: सेल ३.२ व्होल्टचा, आठ एका ओळीत म्हणजे २५.६. एक सेल १०५ अँपिअर-अवरचा, वजन दोन किलोच्या आसपास. सगळी मिळून २,६८८ वॅट-अवर. आठही सेलचं वजन सोळा-सतरा किलो. पेटी, तारा, फ्यूज धरून पंचवीस किलो होतील. त्या दोन जुन्या बॅटऱ्यांच्या चौथा हिस्साही नाही. शिवाय शिशाची बॅटरी सारखी अर्ध्याच्या खाली नेली की लवकर मरते, ही वीस टक्क्यांपर्यंत खुशाल नेता येते.

आठ सेल मागवले, प्रत्येकी ४,२०० रुपये. धोक्याचा माल म्हणून विमानाने सहसा पाठवत नाहीत, रस्त्याने येतात. थांबायचं.

८ फेब्रुवारी, शनिवार

सेल आले. कुडाळहून टेम्पोने. पुठ्ठा एका कोपऱ्यात दबला होता, आत सेल शाबूत. अंगठी आणि हातातली सोन्याची बांगडी काढून आईकडे दिली. आईने कारण विचारलं. तिला दाखवायला एक जुना खिळा आणि इन्व्हर्टरची बॅटरी घेतली, एकदाच टेकवला. तिने बांगडी स्वतःच कपाटात ठेवली आणि किल्ली कमरेला लावली.

पाने, स्क्रू ड्रायव्हर सगळे दांड्यापासून टोकाच्या जवळपर्यंत टेपने गुंडाळले. आठही सेल ३.२९ ते ३.३०. म्हणजे साधारण अर्धे भरलेले, पण हे फक्त अंदाजाने म्हणायचं. या रसायनाची गंमत म्हणा की खोड, वीस टक्क्यांपासून ऐंशी टक्क्यांपर्यंत व्होल्टेज जवळजवळ सपाट असतं. ३.२५ आणि ३.३३ यांच्यामध्ये अख्खी खाडी लपलेली आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार

दोन दिवस बॅलन्सिंग, म्हणजे आठही सेल सारख्या पातळीला आणणं. आधी आठही सेल ओळीत जोडून, बीएमएस (प्रत्येक सेलवर नजर ठेवून गरज पडली की पॅक बंद करणारं सर्किट) लावून, चार्जरने सरासरी ३.४५ पर्यंत नेले. मग सगळं सोडवून आठही समांतर जोडले, अधिकला अधिक, उण्याला उणे. बेंचच्या पॉवर सप्लायवर काही न जोडता ३.६५ व्होल्ट लावून घेतले, मगच सेलना जोडलं. हा क्रम उलटा केला तर आठशे चाळीस अँपिअर-अवरचा साठा सप्लायच्या वाचनाला खाली ओढतो, माणूस बटण वर फिरवत जातो आणि शेवटी सेल फुगतात.

पहिल्यांदा सप्लायच्या सोबत आलेल्या बारीक तारा वापरल्या. दहा अँपिअर सोडायचे होते, जात होते चार. तारेतच व्होल्टेज पडत होतं. सहा स्क्वेअर मिलिमीटरची तार टोकाला धातूची लग मारून लावली आणि पूर्ण दहा जायला लागले. रात्री दीडपर्यंत जागी राहिले. करंट दहावरून आठ, पाच, दोन, पाव अँपिअर. चालू ठेवून झोपायचं नाही असं मी गिऱ्हाइकांना सांगते, तेव्हा मीही झोपले नाही. बाबा दोनदा उठून बघून गेले. तिसऱ्यांदा चहा करून आणला.

२३ फेब्रुवारी, रविवार

क्षमता मोजली. पॅकला दुकानातला २४ व्होल्टचा इन्व्हर्टर लावला, त्यावर पाचशे वॅटचे दिवे, पॅकमधून एकवीस अँपिअर. मी स्टुलावर बसून दर दहा मिनिटांनी आठही सेलचे आकडे लिहीत होते. चार तास सगळे एकत्र चालले, मिलिव्होल्टचा फरक. मग सहा नंबरचा सेल सुटला. ३.१०, ३.०२, २.९१, २.८० आणि बीएमएसने पॅक बंद केला. त्या वेळी ९३ अँपिअर-अवर निघाले होते. बाकीचे सात ३.०५ ते ३.१२ वर, म्हणजे त्यांच्यात अजून दम होता.

ओळीत जोडलेल्या सेलमध्ये सगळ्यात कच्चा तोच पॅकची क्षमता ठरवतो. १०५ चे पैसे दिले, मिळाले ९३. विक्रेत्याला आकडे पाठवले. आधी म्हणाला दहा टक्के इकडे-तिकडे चालतं, मी म्हटलं अकरा टक्क्यांच्या वर आहे, मग फोन उचलणं बंद. मी सात महिने साठवलेले पैसे आहेत हे. राग आला, अजून आहे.

एकटा नवव्या नंबरचा सेल मागवायचा तर तो वेगळ्या घाण्यातला येणार. त्यापेक्षा आहे हेच धरून चालायचं. पेटीवर क्षमतेचा आकडा मी १०५ लिहिणार नाही. ९० लिहिणार. बाबा त्या आकड्यावर विसंबून पाण्यात जाणार आहेत.

२६ फेब्रुवारी

महाशिवरात्र. आई-बाबा कुणकेश्वरला. दुकान बंद, काम बंद.

९ मार्च, रविवार

पेटी. बारा मिलिमीटरचा मरीन प्लाय, बाहेरून फायबर. मालवणात होड्यांचं फायबर करणाऱ्या ओळखीच्या कारागिराकडून कोट मारून घेतला. झाकणाला रबराची पट्टी. पण पेटी पूर्ण हवाबंद केली नाही. सेल बिघडला तर झडपेतून पेटणारा वायू सोडतो, त्याला वाट हवी. मागच्या बाजूला अर्ध्या इंची नळी, टोक खाली वळवून, तोंडाला जाळी.

सेलची अंगं ॲल्युमिनियमची असतात आणि ती अगदी विजेविना नसतात, अंगावर थोडं व्होल्टेज असतं. वरचं निळं प्लॅस्टिक फाटलं आणि दोन सेल एकमेकांना घासले तर त्रास. म्हणून प्रत्येक दोन सेलमध्ये फायबरग्लासचा पातळ पत्रा. दोन्ही टोकांना प्लायच्या फळ्या आणि चार आटे पाडलेल्या सळ्या. हाताने घट्ट, वर अर्धा फेरा, बस. होडी लाटेवर आपटली तरी सेलनी हलायचं नाही एवढाच उद्देश.

खरं काम जॉइंटचं. ते सविस्तर लिहून ठेवते, कारण खाऱ्या हवेत सगळं इथेच अडतं. सेलचं टर्मिनल ॲल्युमिनियमचं, पट्टी निकेल चढवलेल्या तांब्याची. दोन वेगळे धातू, मध्ये मिठाचा ओलावा, म्हणजे झालाच छोटा सेल तयार, आणि त्यात झिजतं ते ॲल्युमिनियम. शिवाय ॲल्युमिनियम उघडं पडलं की क्षणात त्यावर ऑक्साइडचा थर येतो आणि तो वीज नेत नाही. पद्धत अशी ठेवली: टर्मिनल बारीक पॉलिश पेपरने घासायचं, कोरड्या फडक्याने पुसायचं, लगेच ऑक्साइड रोखणारी पेस्ट बोटभर नाही, नखभर, आणि पट्टी बसवून टॉर्क पान्याने पाच न्यूटन-मीटर. सोळा टर्मिनल. दुपारी दोनला सुरू केलं, अंधार पडला तेव्हा शेवटचं बसवलं.

तारा कल्हईच्या. साधी तांब्याची तार इथे एका पावसाळ्यात आतून हिरवी होते, सोलून बघितलं तर फुटाफुटापर्यंत हिरवी जाते. मुख्य तार पंचवीस स्क्वेअर, लग हायड्रॉलिक क्रिम्पिंगने दाबलेले, वर गोंद असलेली हीट-श्रिंक नळी. सोल्डरचा डाग दिला नाही. डाग दिलेली तार टोकाशी कडक होते आणि हलत्या होडीत तिथेच तुटते.

२२ मार्च, शनिवार

फ्यूज, स्विच, मोटर जोडणी. फ्यूजसाठी दुकानदाराने आधी घरगुती एमसीबी काढून दिला. तो परत केला. घरातली वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, ठिणगी तिथे आपोआप विझते. बॅटरीची वीज शून्यावर येतच नाही, ठिणगी ताणली जाते आणि जळत राहते. आणि या पॅकचा शॉर्ट झाला तर काही हजार अँपिअर वाहतील. ८० अँपिअरचा एचआरसी (मोठा शॉर्टही सुरक्षित तोडणारा) फ्यूज घेतला, ज्यावर डीसी व्होल्टेज स्पष्ट छापलेलं आहे, आणि तो पेटीच्या आत अधिक टोकापासून वितीच्या अंतरावर बसवला.

मोटर जोडताना पहिल्यांदा जोरात ठिणगी पडली. कंट्रोलरमधले कपॅसिटर रिकामे असतात, ते एकदम भरतात. ४७ ओहमचा दहा वॅटचा रेझिस्टर आणि एक बटण लावलं. आधी बटण तीन सेकंद, मग मुख्य स्विच. आता आवाज नाही.

बीएमएसच्या मर्यादा: वर ३.६०, खाली २.८०. सर्किटवर ओलावा रोखणाऱ्या कन्फॉर्मल कोटिंगचे दोन हात. मोजणारा शंट मीटर अजून कुरियरमध्ये आहे. तात्पुरता दुकानातला पाच पट्ट्यांचा बॅटरी दर्शक लावला.

३० मार्च, रविवार. गुढीपाडवा

रात्री उशिरा लिहितेय. सगळं लिहायचं आहे.

काल संध्याकाळी पॅक मुद्दाम दहा टक्क्यांपर्यंत उतरवला होता, रात्री दहाला चार्जर लावला. बाराच्या आत कधीतरी लाईट गेली. पहाटे आली, पण हा चार्जर लाईट आल्यावर आपणहून सुरू होत नाही, हे मला माहीत नव्हतं. सकाळी बघितलं तर चार्जरवर हिरवा दिवा, दर्शकावर पाचही पट्ट्या. गुढी उभारली, नारळ फोडला. बाबांनी होडीच्या नाळेला (पुढच्या टोकाला) हळद-कुंकू लावलं, पेटीलाही लावलं.

दोन वाजता निघालो, बाबा, आतेभाऊ आणि मी. भरती पाऊण वाजता होऊन गेली होती, पाणी उतरायला लागलं होतं. मोटर सुरू झाली आणि आवाजच नाही, फक्त नाळेखाली पाण्याची सळसळ. बाबा सुकाणूवर बसलेले, उजवा हात मांडीवर मोकळा. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मी वेग पूर्ण ठेवला. आम्ही ओहोटीबरोबर खाली संगमाकडे अक्षरशः वाहत गेलो. तिथे थोडं फिरलो, लाटा फुटतात तिथून लांबूनच वळलो आणि वर तोंड केलं.

वर येताना काठावरचे माड हलेचनात. मोटर पूर्ण वेगात, पाणी मागे जाताना दिसतंय, पण समोरची वाळूची दांडी तिथल्या तिथेच. पाचही पट्ट्या पेटलेल्या. तीनला पाच मिनिटं कमी असताना मोटर थांबली. खडखड नाही, मंदावणं नाही, एकदम बंद. होडी आडवी झाली आणि तोंडाकडे ओढली जायला लागली.

आतेभावाने वल्हं मारलं, एकटा कितीसा पुरणार. बाबा ओरडले नाहीत. त्यांनी सुकाणू फिरवून होडी वाळूच्या दांडीच्या आडोशाला घातली आणि म्हणाले, "नांगर टाक. सात वाजता पाणी फिरतला, ताच आपणाक घरी व्हरतला."

चार तास बसलो. पाडव्याला केलेलं श्रीखंड घरी, आमच्याकडे एक पाण्याची बाटली आणि नारळाचं खोबरं. वाळू हळूहळू उघडी पडत गेली, तिच्यावर पर्यटकांच्या होड्या आल्या आणि गेल्या. एकाने ओढून नेतो म्हटलं, बाबा नको म्हणाले. सूर्य बुडाल्यावर थोड्याच वेळात नांगराची दोरी सैल पडली, मग होडी आपणहून फिरली आणि नाळ घराकडे झाली. आठ वाजता धक्क्याला लागलो. आई टॉर्च घेऊन उभी होती. ती माझ्याशी बोलली नाही.

३१ मार्च, सोमवार

आकडे काढले. दहाला चार्जिंग सुरू, पावणेबाराच्या सुमारास लाईट गेली, म्हणजे वीस अँपिअरने पस्तीसेक अँपिअर-अवर, आधीचे नऊ. निघताना पॅकमध्ये चव्वेचाळीसच्या आसपास होते. पूर्ण वेगाला मोटर त्रेपन्न अँपिअर ओढते. पन्नास मिनिटं. जवळपास तेवढंच चाललं. सहा नंबर २.७९ वर आला आणि बीएमएसने आपलं काम केलं.

पट्ट्यांचा दर्शक शिशाच्या बॅटरीसाठी बनवलेला असतो. त्याच्या लेखी २५.४ व्होल्ट म्हणजे भरलेली. आमचा पॅक वीस टक्क्यांवर असतानाही विश्रांतीला २५.६ च्या पुढे दाखवतो. त्याला सगळंच भरलेलं दिसणार. आणि हे मला ठाऊक होतं. ८ फेब्रुवारीच्या नोंदीत मी स्वतः लिहिलं आहे. मीटर येईपर्यंत थांबायला हवं होतं, पाडव्याचा मुहूर्त बघितला.

चूक माझी आहे आणि बाबा त्यात होते.

संध्याकाळी त्यांच्यापाशी बसले. मीटर आल्यावर टक्के दिसतील, अँपिअर दिसतील असं सांगत होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "माका आकडो नको. परत येऊक पुरतला काय नाय, ता सांग."

तेव्हापासून डोक्यात तेवढंच आहे.

१२ एप्रिल, शनिवार. हनुमान जयंती

मोजणीची व्यवस्था बदलली. तयार मीटर आला आहे, तो राहील, पण बाबांसाठी वेगळं. शंभर अँपिअरला ७५ मिलिव्होल्ट देणारा शंट, त्यावर आयएनए२२६ नावाची मोजणारी चिप, ती ८१.९ मिलिव्होल्टपर्यंत वाचते म्हणून जोडी जमते. पुढे हिशेब ठेवणारा ईएसपी३२ नावाचा छोटा संगणक-बोर्ड. प्रोग्राम आतेभावाने लिहिला, तो इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आत गेलेले आणि बाहेर पडलेले अँपिअर सेकंदा-सेकंदाला जमा-वजा होतात. पॅक २८ व्होल्टवर असताना करंट चार अँपिअरच्या खाली आला की मोजणी पुन्हा पूर्ण ९० वर. चार्जर अर्ध्यात थांबला तर ती पूर्णावर जाणारच नाही आणि एक निळा दिवा लुकलुकत राहील. पाडव्याची रात्र पुन्हा व्हायची नाही.

चार्जरच्या आधी एक रिलेही लावला, लाईट परत आली की तो चार्जर नव्याने चालू करतो.

१९ एप्रिल, शनिवार. वद्य षष्ठी

आजचा दिवस या सगळ्या वहीतला सगळ्यात कामाचा.

बाबांचा भरतीचा हिशेब तिथीवर चालतो. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. षष्ठी म्हणजे साडेचार. साडेदहाला पाणी तळाला. आम्ही दहाला मध्ये जाऊन थांबलो आणि पाणी स्थिर झाल्यावर मोबाइलच्या जीपीएसने वेग मोजले. बारा अँपिअरला ताशी ३.८ किलोमीटर, पंचवीसला ५, त्रेपन्नला ६.३. म्हणजे चौपटीहून जास्त वीज ओतली तर वेग दुप्पटही होत नाही. पाण्यात वेग थोडा वाढवायला वीज घनाच्या हिशेबाने लागते.

मग काठाच्या आडोशाला होडी बांधून कागद काढला. खाडीच्या मधल्या पट्ट्यात ओहोटीचा ओढा ताशी अडीच किलोमीटर धरला, सकाळी वाहत्या होडीवरून तेवढाच मोजला होता. बारा अँपिअरने ओहोटीबरोबर खाली गेलं तर काठाच्या हिशेबाने वेग ६.३, किलोमीटरला १.९ अँपिअर-अवर. त्याच ओहोटीवर परत यायचं तर वेग उरतो १.३ आणि किलोमीटरला लागतात ९.२. पंचवीस अँपिअरने आलं तर दहा. पूर्ण वेगाने आलं तर चौदा. येताना जाण्याच्या पाचपट.

मी आतापर्यंत मनात धरून चालले होते की अर्धी बॅटरी संपली की परत फिरायचं. कोणालाही असंच वाटेल. हिशेब काय म्हणतो बघा: ९० पैकी २० राखीव ठेवले तर हाताशी ७०. एक किलोमीटर जाऊन यायला १.९ आणि १० मिळून जवळपास १२. म्हणजे पावणेसहा किलोमीटर खाली गेलं की वळायला हवं, आणि तिथे पोचेपर्यंत वापरलेले असतात फक्त अकरा. पॅक ८८ टक्के भरलेला असताना परत फिरायचं! उलट, ओढ्याच्या विरुद्ध वर गेलो तर पाणीच परत आणणार, तेव्हा ३५ टक्क्यांपर्यंत जाता येतं.

मी हे बाबांना वाचून दाखवलं. मला वाटलं त्यांना नवल वाटेल. ते म्हणाले, "सुकतीत खाली जाताना हात दुखणत नाय, थयच माणूस फसता." वल्हं मारणाऱ्याला हे खांद्यातून कळत होतं. म्हणून ते चाळीस वर्षं ओहोटीच्या शेवटाला खाली जायचे आणि भरतीबरोबर वर यायचे, भर ओहोटीत संगमाकडे कधीच नाही. पाडव्याला दोन वाजता खाली जायचं ठरवलं ते मी. मोटर आहे म्हटल्यावर तिथी विचारायचं कोणाच्या मनातच आलं नाही. ते बसले होते होडीत, त्यांनी अडवलं का नाही, असं आज विचारलं. म्हणाले, तुझी पेटी, तुला ठाऊक असेल.

हे मला फार लागलं.

२० एप्रिल, रविवार

दिव्यांची पाटी केली. सुकाणूजवळ, उन्हात दिसतील असे दोन मोठे दिवे आणि एक दोन बाजूंचा खटका. खटक्याच्या एका बाजूला खुणेसाठी खाली जाणारा बाण, दुसऱ्या बाजूला वर जाणारा. निघताना पाण्याबरोबर जात असू तर खाली, पाण्याविरुद्ध जात असू तर वर. पहिल्यात पिवळा दिवा ८८ टक्क्यांना पेटतो, दुसऱ्यात ३५ टक्क्यांना. लाल दिवा आणि भोंगा वीस अँपिअर-अवर उरल्यावर, खटका कुठेही असो. पाटीवर एकही आकडा नाही.

४ मे, रविवार

महिनाभराच्या वापरानंतर तपासणी. मोटर पन्नास अँपिअरवर ठेवून प्रत्येक जॉइंटवर मल्टिमीटरचे मिलिव्होल्ट. सगळीकडे तीन, साडेतीन. चार आणि पाच नंबरच्या मधल्या पट्टीवर एका टोकाला एकोणीस. आकडा छोटा दिसतो, पण पन्नास अँपिअरवर तिथे जवळपास एक वॅट उष्णता नुसत्या नखाएवढ्या जागेत. बोट लावलं तर बाकीच्यांपेक्षा गरम.

उघडलं. पांढरी भुकटी. पेस्ट एका कडेला पोचलीच नव्हती. ९ मार्चला अंधार पडत होता आणि ते शेवटून दुसरं टर्मिनल होतं, वहीत क्रम लिहिलेला आहे म्हणून कळलं. पुन्हा घासलं, पेस्ट, पाच न्यूटन-मीटर. आता तीन मिलिव्होल्ट. इतर पंधरा उघडायचा मोह आवरला, चांगला जॉइंट उगाच उघडायचा नाही. वर पातळ ग्रीस फिरवलं.

मासळीचं पाणी पेटीवर पडतं, ते टाळता येणार नाही. झाकणाला उतार देऊन घेतला.

१८ मे, रविवार

बाबा एकटे गेले.

पहाटे साडेचारला भरती होती. ते आठनंतर निघाले, खटका खालच्या बाजूला. मी धक्क्यावर. सांगितलं होतं फोन करा, केला नाही. साडेदहाला पाणी थांबलं असेल. बारा वाजून दहा मिनिटांनी वळणावर होडी दिसली, भरतीबरोबर सावकाश येत होती. बाबा डाव्या हाताने सुकाणू धरून, टोपीखाली तोंड दिसत नव्हतं.

बोई आणि मुडदुशे, एक तांबोशी. पिवळा दिवा पेटलेला होता. कधी पेटला विचारलं तर म्हणाले, पेटला तेव्हा मी आधीच फिरलो होतो. वापरलेले अँपिअर-अवर चोवीस. आईने तांबोशी विकू दिली नाही.

२६ मे, सोमवार

यंदा पाऊस मे महिन्यातच उतरला. आठवडाभर कोसळतोय, खाडी लाल झाली. होडी काल वर ओढली, माडाखाली पालथी न घालता ओंडक्यांवर ठेवली, वर झापं आणि ताडपत्री. मोटर गोड्या पाण्याने धुऊन पंख्याचा खिळा काढून ठेवला, पंख्यात मासेमारीचा दोरा अडकलेला होता, सीलपर्यंत गेला नव्हता.

पॅक घरात, देवघराच्या भिंतीला, जमिनीपासून दोन फूट वर. पूर्ण भरून ठेवला नाही, या सेलना उन्हाळा-पावसाळा भरलेल्या अवस्थेत काढणं मानवत नाही. ४६ अँपिअर-अवरवर आणला, म्हणजे अर्ध्याला. फ्यूज काढून डब्यात, डबा झाकणाला चिकटवला. बीएमएस स्वतः थोडी वीज खातो, म्हणून महिन्यातून एकदा बघायचं: २४ जून, २४ जुलै.

आजचे आकडे: १) ३.२९७ २) ३.२९७ ३) ३.२९८ ४) ३.२९७ ५) ३.२९७ ६) ३.२९४ ७) ३.२९८ ८) ३.२९७. एकूण २६.३८.

बाबांनी विचारलं, कधी उघडायची. पाऊस ओसरला की, म्हटलं. त्यांनी भिंतीवरचं पंचांग काढून ऑगस्टची तिथी बघायला सुरुवात केली आहे.